ठासणीचं पिस्तुल

आमची आत्या गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून हे लिहायचं मनात आहे. सुरुवात मात्र एका खोक्यापासून करावी लागेल.

२०१९ च्या जानेवारीतली गोष्ट. पेनसिल्व्हेनियात आमच्या घराच्या दारात एक लांबट खोकं येऊन पडलं. आत सुट्या भागांचं एक ठासणीचं पिस्तुल होतं. कच्च्या लाकडाचा दस्ता, दहा इंची अष्टकोनी नळी, घोडा, चाप, पितळेचे दोन-चार भाग, एक लाकडी गज आणि स्क्रूंची पिशवी. ऑफिसातला एक निवृत्त होऊ घातलेला मित्र हिवाळाभर असले उद्योग करायचा. त्याचं बघून मीही मागवलं होतं.

बायकोनं विचारलं, "हे आणि काय?"

म्हटलं, "सुतारकाम आहे."

तिनं खोक्यावरचं चित्र पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता आत निघून गेली. (वीस वर्षांच्या संसारात न बोलण्याचेही प्रकार ओळखू येतात.)

पिस्तुल असं घरपोच कसं काय येतं, असं तुम्हाला वाटेल. अमेरिकेतला १९६८ चा जो बंदूक कायदा आहे, त्यात १८९८ पर्यंतची जुनी हत्यारं आणि तयार काडतूस न वापरणाऱ्या त्यांच्या नकला यांना बंदूक म्हणून धरतच नाहीत. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, पण साधारण हिशेब हा. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा असं वय बघून सोडत नाही. हत्यार इतकं जुनं आणि मोडकं हवं की दुरुस्त करूनही ते उडणार नाही, तरच ते त्यातून सुटतं. थोडक्यात, इथं जो छंद, तोच आमच्या उमरगा तालुक्यात गुन्हा. ही उमरगा तालुक्याची आठवण उगाच काढत नाहीये. ती पुढे येणारच आहे.

आधी 'ठासणी' म्हणजे काय ते सांगतो, कारण मुलीलाही मी तिथूनच सांगायला सुरुवात केली होती. आजच्या बंदुकीत काडतूस मागून भरतात. ठासणीच्या बंदुकीत सगळं तोंडातून जातं. आधी दारू, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी, आणि मग गजानं ते सगळं खाली ठासायचं. म्हणून ठासणी. पेटवायच्या तऱ्हा काळाप्रमाणे बदलत गेल्या. आधी जळत्या वातीची, म्हणजे तोड्याची बंदूक होती. मग गारगोटीची ठिणगी पाडणारी आली. १८०७ साली फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकानं आघातानं पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. हा पाद्री शिकारीचा शौकीन. गारगोटीची बंदूक उडण्याआधी जो भपका होतो त्यानं पाखरं उडून जातात, ही त्याची तक्रार! त्याच्या त्या युक्तीतून पुढे तांब्याची टोपी आली. नळीच्या मागच्या टोकाला एक छोटी पोकळ बोंडी असते. तिच्यावर ही टोपी बसवायची, चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो आणि ठिणगी बोंडीतून आत दारूपर्यंत जाते. माझं पिस्तुल या टोपीच्या जातीचं होतं.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची होती. ती पॉलिश पेपर घेऊन माझ्याबरोबर गॅरेजमध्ये बसायला लागली. दस्ता घासता घासता पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "बाबा, आपल्या गावात असं काही होतं का?"

होतं ना! मी खुशीत येऊन सांगितलं. आमच्या माळवदाच्या घरात, ज्वारीच्या कणगीमागे, एक लांब ठासणीची बंदूक उभी असायची. माझ्या आजोबांनी, म्हणजे आबांनी, ती १९४८ साली एका रझाकाराच्या हातातून हिसकावून घेतली होती. ही गोष्ट आमच्या घरात लग्नामुंजीत, दिवाळीत, पाहुणे आले की हटकून निघायची. काका ती सांगताना उठून उभे राहायचे आणि हिसका कसा मारला ते करून दाखवायचे. मुलीनं डोळे मोठे करून ऐकलं. मलाही बरं वाटलं.

काम पुढे चाललं होतं. आपल्याला वाटतं की सुटे भाग आले म्हणजे स्क्रू पिळले की झालं. तसं अजिबात नसतं. नळी दस्त्यात बसतच नव्हती. मित्रानं युक्ती सांगितली: मेणबत्तीवर धरून नळीला काजळी लावायची, दस्त्यात दाबायची, काढायची. लाकडाला जिथं काळं लागेल तेवढंच खरवडायचं. पुन्हा काजळी, पुन्हा दाबायचं. एका संध्याकाळी मी हे चाळीस वेळा केलं असेल. मग पितळेचे भाग. ते ओतीव असतात, अंगावर साच्याच्या रेघा. आधी बारीक कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी मी सरळ स्वयंपाकघरातली चिंच घेतली. आई देवाची भांडी घासायची तसं घासल्यावर चाप राखणारी ती कमान समईसारखी चमकायला लागली.

दस्त्याला तेल द्यायचं ते जवसाचं. बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं नाव वाचून काही वाटलं नाही, पण झाकण उघडलं आणि वास आला... आमच्याकडे भाकरीबरोबर जवसाची चटणी असते. उभा मराठवाडा त्यावर जेवतो. त्याच तेलाचे हात द्यायचे, पुसायचं, दिवसभर वाळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. दहा-बारा दिवसांत ते पांढुरकं लाकूड गुळाच्या रंगाचं झालं.

नळीची तऱ्हा तर सगळ्यात मजेशीर. तिला मुद्दाम गंज आणायचा! नळी स्वच्छ करून वरून एक द्रावण फिरवायचं, दमट जागी टांगायची, लाल गंज चढला की जाड फडक्यानं घासायची, की पुन्हा तेच. आठवडाभरानं दाट तपकिरी रंग येतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तो थांबवायचा आणि तेल लावायचं. जुन्या काळी या कामाच्या काही पाककृतींत नवसागर असायचा. तोच, जो आमच्या गल्लीतला कल्हईवाला भांड्यात टाकायचा आणि पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. (नळी आठवडाभर आमच्या बाथरूममध्ये टांगलेली होती. त्याबद्दल बायको काय म्हणाली ते लिहीत नाही.)

मुलीनं एकदा विचारलं, "पूर्वी हे सगळं कोण करायचं?" मी लगेच परंड्याचा किल्ला सांगितला. शाळेची सहल गेली होती तेव्हा आम्ही तिथल्या तोफांवर बसून आलो होतो. मोठी तोफ म्हणजे तरी काय, ठासणीचंच हत्यार. तोंडातून दारू, तोंडातून गोळा. विजापूरला शेर्झा बुरुजावर जी मलिक-ए-मैदान तोफ आहे, ती आधी आमच्या जिल्ह्यात, या परंड्यालाच होती. ती ओतली गेली १५४९ साली, निजामशाहीत, अहमदनगरला. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आसपास. १६३२ साली मुरार जगदेवानं ती परंड्याहून विजापूरला नेली. एवढं ओझं भीमा ओलांडून कसं नेलं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. ओतणाऱ्या कारागिराचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे: मुहंमद बिन हसन रूमी. रूमी म्हणजे तुर्कस्तानाकडचा.

पण असं नाव मागे राहिलेला कारागीर विरळा. नळ्या ठोकणारे लोहार, दस्ते कोरणारे सुतार, दारू कुटणारे, कोळसा पाडणारे, कुणाचंच नाव कुठं नाही. एक नळी बसवायला मला चाळीस वेळा काजळी लावावी लागली, तेव्हा कुठं ही माणसं मला पहिल्यांदा दिसली. इतिहासाच्या पुस्तकात किल्ला 'जिंकला' जातो आणि तोफ 'नेली' जाते. ओढणाऱ्यांचं पुस्तकात काही येत नाही.

माझ्या पिस्तुलाच्या काळातला आमचा जिल्हा कसा होता, हेही त्या निमित्तानं वाचलं. १८५३ च्या तहात निजामानं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे सोपवला आणि तिथं अधिकारी म्हणून आला फिलिप मेडोज टेलर, 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा. तो नळदुर्गच्या किल्ल्यातच राहायचा. १८५७ साली ज्या काडतुसावरून भडका उडाला, ती एन्फिल्ड रायफलसुद्धा ठासणीचीच होती. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. चरबीचा प्रश्न तोंडाशी का आला ते ठासणी समजल्याशिवाय नीट समजत नाही. त्या उन्हाळ्यात टेलर नळदुर्गलाच होता. पुढे १८६० साली हा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला, आणि तो १९४८ पर्यंत तिकडेच राहिला.

आता त्या बोंडीची गोष्ट.

मार्च उजाडला होता. पिस्तुल जवळजवळ तयार झालं होतं. नळीला शेवटचं तेल द्यायचं म्हणून मी बोंडी पान्यानं पिळून काढली. खाली भोक उघडं पडलं. आत कचरा गेलाय का बघायला करंगळीचं टोक त्यावर टेकवलं. आतले आटे बोटाला लागले, आणि मी तसाच थांबलो.

हा स्पर्श माझ्या ओळखीचा होता.

लहानपणी दुपारी सगळे झोपले की मी कणगीमागच्या त्या बंदुकीजवळ जाऊन बसायचो. तिच्या नळीच्या बुडाशी एक भोक होतं आणि त्यात असेच आटे होते. मी त्यात करंगळी फिरवायचो. ज्वारीची काडी घालायचो. नळीच्या तोंडाला तोंड लावून फुंकलं की त्या भोकातून हवा यायची आणि तिथं धरलेला कापूस हलायचा. मला वाटायचं की बंदुकीला असं भोक असतंच. मी सातवीत असताना आबांनी ती बंदूक तालुक्याच्या पोलीस ठाण्यात जमा केली. त्यानंतर ती कधी डोळ्यांसमोर आली नाही.

आता पंचावन्नाव्या वर्षी कळलं की त्या भोकात बोंडी असायला हवी होती. बोंडी नाही म्हणजे टोपी बसत नाही. टोपी नाही म्हणजे बंदूक उडत नाही. मग रझाकार न उडणारी बंदूक घेऊन आबांच्या अंगावर आला होता?

बोंडी नंतर कधी काढली असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मनातून जाईना. गावाकडे सकाळ व्हायची वाट पाहिली आणि आत्याला फोन लावला. आत्या १९४८ साली नऊ वर्षांची होती. आमच्या घरात ते दिवस पाहिलेलं तेवढंच एक माणूस उरलं होतं.

"आत्या, आबांनी रझाकाराची बंदूक घेतली होती ना, तिची..."

"आरं लेकरा, कशाची रझाकाराची?" ती मधेच म्हणाली. "पिंजारी मामूची हाय ती. रानडुकरं हाकायला ठिवली हुती त्यानं."

पुढचं ती अगदी सहज सांगत गेली. मला वाटतं, तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

ते समजायला थोडी पार्श्वभूमी हवी. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होतं (ते वेगळं झालं १९८२ साली, आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं २०२३ साली). रझाकारांमधल्या थोड्यांकडे नव्या बंदुका होत्या, बहुतेकांकडे ठासणीच्या बंदुका आणि तलवारी. त्यांनी गावोगाव जे केलं ते खोटं नाही. माझी आजी दोन लेकरं घेऊन सोलापूरच्या बाजूला, निजामाच्या हद्दीबाहेर, तीन महिने राहून आली होती. फटाका वाजला की ती मरेपर्यंत दचकायची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजेनं सोलापूरकडून मुसंडी मारली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल सकाळीच हाती आला, तुळजापूरला दोन तास लढाई झाली आणि दुपारी सव्वातीनच्या सुमाराला रणगाडे उमरग्यात होते. १७ तारखेला सगळं संपलं. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन.

आमच्या घरातली गोष्ट १७ तारखेला संपायची. आत्याची तिथून पुढे सुरू झाली.

पिंजारी मामू कापूस पिंजायचा. आमच्या सगळ्या गाद्या त्यानं भरलेल्या. तो रझाकारांत नव्हता. पण सप्टेंबरच्या त्या शेवटच्या आठवड्यात कोण कशात होतं हे विचारायला कुणी थांबत नव्हतं. एका रात्री तो ती बंदूक घेऊन आमच्याकडे आला. ही माझ्या घरात सापडली तर मला मारतील, तुझ्याकडे ठेव, म्हणाला. आबांनी ठेवून घेतली. त्याच रात्री मामू बायकापोरांना गाडीत घालून निघून गेला. दुसऱ्या दिवशी गावातली काही पोरं बंदूक मागायला आली. आबांनी त्याआधीच बोंडी काढून आडात टाकली होती.

"मंग आबा म्हनले, घ्या, उडती का बघा."

"आणि मामू परत आला?"

"न्हाई आला."

"आणि त्यांचं घर?"

आत्या जरा थांबली. मग म्हणाली, "आपला गोठा हाय की तिथं."

मी त्या गोठ्यात लहानाचा मोठा झालोय. धारा काढताना आजीजवळ बसलोय. तिथल्या भिंतीला एक देवळी होती आणि गोठ्याच्या भिंतीत देवळी कशाला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

मग मी सुंदरलाल समितीचा अहवाल वाचला. नेहरूंनी ही समिती १९४८ च्या अखेरीस हैदराबाद संस्थानात पाठवली होती. कित्येक दशकं तो अहवाल लोकांसमोर आलाच नव्हता. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज आहे. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आहे. हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांना वाचवल्याच्या घटनाही त्याच अहवालात आहेत. आबांनी वाचवलं की नुसतं ठेवून घेतलं, हे मला सांगता येत नाही. कदाचित दोन्ही.

एक गोष्ट मात्र नंतर लक्षात आली. हिसकावल्याची गोष्ट आबांच्या तोंडून मी कधीच ऐकली नव्हती. काका सांगायचे तेव्हा आबा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. आम्हाला वाटायचं की त्यांना स्वतःची स्तुती आवडत नाही.

काकांनाही दोष देत नाही. घरात बंदूक कशी आली याला त्या दिवसांत काहीतरी उत्तर लागलंच असेल, आणि 'रझाकाराची' हे सगळ्यात सोयीचं. आधी ते चौकशीपुरतं होतं. मग आम्हाला आवडायला लागलं. आमच्या जिल्ह्यात दोन्ही गोष्टी घडल्या, सप्टेंबरच्या आधीची आणि नंतरची. आजीचा दचका खरा होता, मामूची गाडीही खरी होती. आम्ही एक जपली आणि दुसरीवर गुरं बांधली.

पिस्तुल मी पुरं केलं. चांगलं झालंय. मित्रानं बघून पाठ थोपटली आणि मैदानावर ये, उडवून बघू म्हणाला. मी गेलो नाही. त्यात काही मोठा निश्चय वगैरे नव्हता, जावंसं वाटलं नाही इतकंच. ते कपाटात आहे. दर पावसाळी दिवसांत काढून तेल देतो.

मुलीला मात्र खरी गोष्ट सांगणं भाग होतं. तिनं घासलेला दस्ता होता तो. एका रविवारी तिला समोर बसवून सगळं सांगितलं, मामू, आड, बोंडी, गोठा. हिसक्याची गोष्ट खोटी होती हे ऐकून तिला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. तिला तसं काही वाटलं नाही. उलट बोंडी आडात टाकणारे आबा तिला जास्त आवडले.

मग तिनं विचारलं, "पण मग ती जागा अजून आपल्याकडे का आहे?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. चुलतभावाशी एकदा विषय काढला, तो म्हणाला, दादा, सत्तर वर्षं झाली, कुणाला शोधायचं आता? त्याचंही खरं आहे. आत्याला मामूच्या पोरांची नावं आठवत होती. तिनं मला ती फोनवर सांगितली होती आणि मी ती पिस्तुलाच्या खोक्यावरच लिहून घेतली होती. तीन मुलगे, एक मुलगी.

खोकं अजून टाकलेलं नाही.